लाइन बंद असताना

तंजावरात महिन्याच्या दुरुस्तीसाठी वीज बंद झाली आणि सासूबाईंचं ऑक्सिजनचं यंत्र थांबलं. राजगोपाल निश्चिंत होता. गच्चीवर सोलर होतं. उरलेली वीज विकून तो पैसे मिळवत होता. त्याच भरवशावर इन्व्हर्टरची बॅटरी काढून टाकली होती. पण भर उन्हातही यंत्र सुरू होईना. त्याने सोलरवाल्याला स्पीकरवर फोन लावला. “सार, लाइन बंद की सोलरही आपोआप बंद, पेटीत तसा अडसर असतो. नाहीतर तुमची वीज तारेत शिरून खांबावरचा माणूस मरेल.” “तो अडसर काढता येतो?” “येतो. पण हात लावू नका.” सासूबाईंचे ओठ निळे पडत होते. राजगोपालने पलंगाशेजारची सोलरपेटी उघडली. खिडकीबाहेर खांबावर वायरमन दिसत होता. “अहो, ऑटो आला!” बायको ओरडली. “दवाखान्यापर्यंत टिकतील?” त्याने विचारलं. सासूबाईंनी खांबाकडे पाहत, धापा टाकत त्याचं मनगट धरलं. “तोही कुणाचा तरी जावईच. उचला मला.”