गिरणी थांबली तेव्हा

वडिलांची पिठाची गिरणी सुरू झाली की नयना प्रवेश परीक्षेचं इंग्रजी पुस्तक उघडायची. वर्गात तिच्या वाचनाला सगळे हसले होते. इथल्या घरघरीत मात्र कुणाला काही ऐकू येत नसे, त्यामुळे ती अगदी बेंबीच्या देठापासून ओरडून उतारे वाचायची.

आज मध्येच वीज गेली. गिरणी थांबली आणि नयनाचा आवाज एकटाच खणखणत राहिला. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका वळून बघू लागल्या. पण तिनं वाक्य सोडलं नाही. न अडखळता पुढचंही वाचलं.

वीज आली. वडिलांचा हात बटणाकडे गेला.

“थांबा हो,” मघापासून नंबरासाठी भांडणाऱ्या काकू म्हणाल्या. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोरीचं पुरं होऊ द्या.”

वडिलांनी हात मागे घेतला. नयनानं पान उलटलं.