न उघडलेली सिम्फनी

आता कुणी वाजवत नाही अशा एका जुन्या डॅनिश संगीतकाराच्या सिम्फन्यांच्या सगळ्या रेकॉर्डी माझ्या नवऱ्यानं, टोर्किलनं, तीस वर्षं खपून जमवल्या. ऐकली मात्र एकही नाही. वेष्टन फाडलं की म्हणे तिचा मान जातो. परवा त्या संगीतकाराची ब्याऐंशी वर्षांची नात एलिनोर आमच्या ऑर्हूसच्या घरी कॉफीला आली. "आजोबांची तिसरी सिम्फनी मी कधीच ऐकलेली नाही," ती म्हणाली. "लावता का?" टोर्किलनं रेकॉर्ड छातीशी धरली. "बघा हवी तेवढी. पण न उघडलेली जगात एवढी एकच उरलीय." "मग फरश्या जमवायच्यास ना, त्याही गप्प असतात," म्हणत मी ती हिसकावली, नखानं प्लास्टिक फाडलं आणि तबकडी लावली. एलिनोर डोळे मिटून आजोबांना ऐकत राहिली. टोर्किल फाटलेलं प्लास्टिक मांडीवर घेऊन हातानं त्याला इस्त्री करत बसला.