धवल्यातली नावं

बऱ्याच वर्षांनी संगीतकार बाळाजीची कॅसेट येणार होती. संगीत सगळं कीबोर्ड आणि रिदम मशीनवर, आवाज पाहुण्या गायकांचे. त्यात बेलवलीची कौसाबाई, जिने धवला हे लग्नगीत गायल्याशिवाय गावात लग्न लागत नसे.

उल्हासनगरच्या स्टुडिओत माईकसमोर बसताच ती म्हणाली, "नवरा-नवरीची नावां सांग."

"रेकॉर्डिंग आहे हे, लग्न नाही!" बाळाजी खेकसला.

"नावांबिगर धवला नाय व्हत."

"मग घाल कुणाचीही!"

तिने डोळे मिटून सूर लावला. 'नवरी आवडी, नवरा हरेश' ऐकताच बाळाजीने हेडफोन भिंतीवर भिरकावला. लेक आवडी त्या सिंधी पोराबरोबर पळाल्यापासून तिचं नाव त्याच्यासमोर कुणी काढत नसे.

"आत्ता पुसतो टेप!"

"पूस," कौसाबाई पदर खोचत उठली. "पन तू न लावलेला लगीन मी आता लावला. ता कसा पुसशील?"