शेवटच्या बाकावरचं वाक्य

अंजूने फळ्यावर ‘यूज्ड टू’ लिहिलं आणि हातावरची खडूची पूड झटकली.

“पूर्वी करायचो, आता करत नाही, अशा गोष्टीसाठी हे वापरायचं. प्रत्येकाने एकेक वाक्य करा.”

आर्णीतल्या त्या स्पोकन इंग्लिश क्लासच्या दुपारच्या बॅचला सहाच जण होते. सुरभी उठली. “आय यूज्ड टू ईट चॉक.” सगळे हसले.

मग शेवटच्या बाकावरून भावसिंग उठला. चाळिशी ओलांडलेला, धिप्पाड माणूस. चारच दिवसांपूर्वी त्याने नाव घातलं होतं.

“आय यूज्ड टू ड्राइव्ह जीप.”

“छान. अजून एक?”

तो तिच्याकडे बघत राहिला. “आय यूज्ड टू फाइंड विमेन. हू रन फ्रॉम हजबंड.”

या वेळी कुणी हसलं नाही. बाकीच्यांना नीटसं कळलंच नव्हतं. अंजूला कळलं.

चौदा महिन्यांपूर्वी ती घाटंजीजवळच्या तांड्यावरून, नवऱ्याच्या घरातून, अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली होती. बादलने तिचा डावा हात दोनदा मोडला होता. ‘पळालीस तर हुडकून काढीन,’ असं तो जेवता जेवता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगायचा. आर्णीत तिची सगळी हकीकत एकट्या विमलताईंना ठाऊक होती. क्लास त्यांचाच. त्यांनी तिला राहायला खोली दिली, शिकवायचं काम दिलं, कुणी विचारलं तर भाची आहे म्हणून सांगितलं.

अंजूने क्लास लवकर सोडला. बाकीचे जिना उतरून गेले. भावसिंग मात्र जागचा हलला नाही.

“मॅडम, बादलनं मले सांगतलं होतं तुमाले हुडकाले.”

ती फळ्यापर्यंत मागे सरकली.

“आता टाइम नाई. खाली गाडी हाय. माझ्यासंग चला.”

“मी कुठेही येणार नाही.”

“आयका माझं, मॅडम.” तो दोन पावलं पुढे आला.

अंजू मागच्या खोलीत धावली. कडी घातली, फोन लावला. “ताई, त्याचा माणूस आलाय. क्लासमध्ये.”

“भिऊ नको, बाई,” विमलताई म्हणाल्या. “आतून कडी लावून बस. कोणालेच उघडू नको. मी आलीच.”

दारावर थाप पडली. “मॅडम, उघडा! कोणाले फोन केला तुमी?”

“विमलताईंना! निघाल्यात त्या!”

पलीकडे पावलं मागे सरली. मग दारावर खांदा आदळला. पुन्हा आदळला. कडीचा एक स्क्रू निघून फरशीवर पडला. अंजूने टेबल ओढून दाराला लावलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

खाली गाडी थांबली. जिन्यावर पावलं वाजली, तीन-चार जणांची. झटापट झाली, बाक उलटले, भावसिंग एकदाच ओरडला. मग शांत झालं.

अंजूला रडू फुटलं. तिने टेबल बाजूला सारलं आणि कडीला हात घातला.

तेवढ्यात दारापलीकडून विमलताईंचा आवाज आला. त्या तिच्याशी बोलत नव्हत्या.

“आतच हाय ते, बादलभाऊ. मीच तिले कडी लावून बसाले सांगतलं.”