दादाच्या नावाची फुंक

डॉक्टरांनी तीन वर्षांचे कागद टेबलावर मांडले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दर वर्षी नळीत फुंकून छाती तपासलीय आणि दर वर्षी पास. मग यंदा एकदम एवढी खराब कशी?"

दादाला दहा पायऱ्या चढून लागलेला दम अजून ओसरला नव्हता. मी फरशीकडे बघत राहिलो.

खाणीत दादा दगडाला भोकं पाडायच्या मशीनवर, मी डंपरच्या बंद, गार केबिनमध्ये. तपासणीची गाडी पहिल्यांदा आली तेव्हाच दादा म्हणाला होता, "छाती काही साथ देत नाही रे. नापास झालो तर होऊ दे, या धुळीतून सुटेन तरी."

"कामावरून काढतील. तू गप्प बस, मी आहे ना!"

मी मूठभर धूळ तोंडाला फासली, त्याचं हेल्मेट घातलं आणि रांगेत त्याच्या जागी उभा राहिलो. धूळ माखली की आम्ही सगळे सारखेच दिसतो. अशी फुंक मारली की नर्स म्हणाली, "वा, पैलवान!" मला तर हसूच आवरेना. पुढची दोन वर्षंही मीच फुंकलं.

"तेव्हाच कळलं असतं, तर धुळीतून बाहेर काढून सावरता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आता ऑक्सिजन लावूनच राहावं लागेल. घरी बघणारं कोणी आहे?"

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हा आहे ना."