लोखंड्या आणि पितळी चाक

समजा, तुमच्या मुठीत एक रबरी चेंडू आहे. चेंडूला वायर आहे आणि वायर समोरच्या पडद्यात गेली आहे. चेंडू जितका जोरात दाबाल, तितका पडद्यावरच्या तिरंदाजाचा बाण लांब जाईल. आता समजा, तुमचं मनगट सात आठवड्यांपूर्वी मोडलं होतं. दाबा बघू. दुखलं ना? ठिणगीलाही दुखलं, आणि तिचा बाण लोखंड्याच्या पायाशी टपकन पडला.

ती अकराव्यांदा हरली होती.

हाताच्या व्यायामासाठी ती रोज शाळा सुटल्यावर या व्यायाम केंद्रात येई. पडद्यावरच्या खेळात तिचे तीन गडी होते: ढालवाला, तिरंदाज आणि वैद्यीणबाई. चेंडू शंभरदा दाबला की एकाची लेव्हल वाढायची. ठिणगीने तिघांनाही बाराव्या लेव्हलपर्यंत आणलं होतं. पण शेवटचा बॉस लोखंड्या काही हटत नव्हता.

"लोखंड्या पडला की मुठीत पुरेसा जोर आला असं मी समजेन," व्यायाम घेणारी ताई म्हणाली होती. "मग मनगटाचा पट्टा काढू."

शनिवारी शाळेची होड्यांची शर्यत होती. वल्हं मारणाऱ्या चौघींत ठिणगीची जागा शुक्रवार संध्याकाळपर्यंतच राखून ठेवलेली होती. पट्ट्यासकट नावेत बसू देणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

आणि आज बुधवार होता.

बाहेर खिडकीखाली दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती बसे, दुसरीवर घड्याळजी. ते घड्याळं दुरुस्त करायचे. आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी ठिणगीला नखाएवढं पितळी चाक दिलं होतं. "माझ्या पहिल्या घड्याळातलं आहे. दोस्तालाच देतो," ते म्हणाले होते. ते चाक सदैव तिच्या खिशात असे.

ताई दोघांना एकदमच आत बोलवायची. त्यांना डावी खोली, तिला उजवी. सोमवारी घड्याळजींना ताप होता आणि त्यात मशीनही बंद होतं. ठिणगीला तो अख्खा दिवस चुकल्याचुकल्यासारखा गेला होता.

"आजही नाही?" घड्याळजींनी विचारलं.

"त्याला सगळं आधीच कळतं, आजोबा! वैद्यीणबाई औषध घोटायला बसली की नेमका तेव्हाच धावून येतो."

"अरे अरे. किती वेळ घोटते ती?"

"दहा आकडे मोजेपर्यंत."

"मग उद्या काय बेत?"

ठिणगीने बेत सांगितला. घड्याळजींनी मान डोलावली आणि आपली बोटं एकेक करून मिटून पाहिली. "मला केसाएवढा स्क्रू धरता आला पाहिजे बघ," ते म्हणाले. "दुकानाला टाळं लागून चार महिने झाले."

गुरुवारी लोखंड्याने तो बेतही उधळला. ढालवाला पुढे सरकायच्या आतच त्याने वाट अडवली.

परतताना ठिणगी सायकलवर दादाच्या मागे बसली, पण त्याच्या शर्टाला तिने हातसुद्धा लावला नाही.

"तूच फितूर आहेस," ती म्हणाली.

दादाने सायकल थांबवली. "काय?"

"रोज दारात ताईशी गप्पा मारत उभा असतोस. माझे बेत तू तिला सांगतोस आणि ती मशीनमध्ये भरते."

"मी तिला तुझं मनगट कसं आहे ते विचारतो, शहाणे! रोज ऊर फुटेपर्यंत तुला ओढत आणतो, ते काय फितुरी करायला?" दादाचा चेहरा उतरला होता. "माझ्याशिवाय कोणालाच सांगत नाहीस का तू?"

"कोणालाच..." ठिणगी म्हणाली आणि थांबली. तिचा हात खिशात गेला.

शुक्रवारी दादा केंद्राच्या फाटकाबाहेरच थांबला. "आज ताईचं तोंडही बघत नाही. मग तर झालं?"

आत घड्याळजी आधीच येऊन बसले होते. ठिणगी नेहमीसारखी त्यांच्या शेजारी बसली.

"शेवटचा दिवस ना गं आज?"

"हो. आज तिरंदाज उजवीकडून नेणार. ढालवाला त्याच्या पुढे. डावीकडे कोणीच नाही."

"उजवीकडून. नक्की?"

"अगदी नक्की, आजोबा."

"शाबास," घड्याळजी म्हणाले. पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

ताईने दोघांना हाक मारली. ठिणगीने चेंडू मुठीत धरला. पडदा उजळला. तिच्या गड्यांनी अजून पाऊलही उचललं नव्हतं, तोच लोखंड्या वळला आणि उजवीकडे तोंड करून ठाण मांडून उभा राहिला.

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. मनगट दुखायला अजून सुरुवातही झाली नव्हती.

तिने तिरंदाजाला डावीकडून नेलं. चेंडू दाबला. दात खाऊन दाबला, पार बोटं पांढरी पडेपर्यंत. बाण सुटला आणि थेट लोखंड्याच्या उघड्या पाठीत घुसला. तो गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला.

"पडला!" ताईने टाळी वाजवली आणि पट्टा सोडायला घेतला.

त्याच क्षणी भिंतीपलीकडे, डाव्या खोलीत, एक रबरी चेंडू जमिनीवर आपटून घरंगळत गेला आणि ओळखीचा आवाज कळवळून म्हणाला, "अगं, उजवीकडून म्हणाली होतीस ना!"

ठिणगी बाहेर आली, खिशातलं पितळी चाक तिने खिडकीखालच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, आणि दादा उभा होता त्या फाटकाकडे पळत सुटली.