तळाला धडकल्यावर

पाणबुडी समुद्रतळावर आदळली आणि चिखलात रुतून बसली. पुढच्या टाक्या फाटल्या, पण आतल्या पोलादी कवचाने थेंबभर पाणीही येऊ दिलं नाही. वर यायचं तर उरलेल्या धड टाक्यांतलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर ढकलणं भाग होतं, आणि हवा एका प्रयत्नापुरतीच होती. "साहेब, निम्मी राखून ठेवू?" झडपेपाशी उभ्या मेकॅनिकने विचारलं. कपाळावरचं रक्त पुसत कप्तान म्हणाला, "आमच्या लेकीला अर्धवट उठवलं की कूस बदलून पुन्हा झोपते. सोड सगळी!" हवा गर्जत सुटली. खोली दाखवणारा काटा ढिम्म हलेना. मग थरथरला आणि सावकाश मागे सरकू लागला. वर उन्हात आल्यावर सगळ्यांनी पाहिलं: पुढचा भाग पार चेपला होता. "साहेब, हिला नाकच उरलं नाही!" मेकॅनिक ओरडला. कप्तानाने पोलादावर हात ठेवला. "तिच्यासमोर नको रे, ऐकतेय ती."